समोर मोठी बर्गरची चेन येतेय, मी बर्गर स्वस्त करू का फ्रँचायझी घेऊ?

वडापाव_सातारकर

नमस्कार मंडळी, इथे नुसतं वाचत असतो, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

साताऱ्यात कॉलेजच्या रस्त्याला माझं छोटं दुकान आहे. २२० स्क्वेअर फुटांचा भाड्याचा गाळा, पुढे कढई, आत चार टेबलं. वडिलांनी हातगाडीवर सुरू केलेलं, मी गाळ्यात आणलं त्याला नऊ वर्षं झाली. वडापाव, मिसळ, चहा, आणि पोरं मागायला लागली म्हणून मागच्या चार वर्षांपासून ग्रिल सँडविच आणि आलू टिक्की बर्गर. वडापाव १८ रुपये, दिवसाला सरासरी ४०० जातात, बर्गर ६० रुपये, तो १५ च्या आसपास, बाकी सगळं धरून रोजचा गल्ला १३ हजार. सामान, चार माणसांचे पगार, गॅस, लाईट, भाडं सगळं जाऊन महिन्याला साठ-पासष्ट हजार घरी येतात, मी आणि बायको दोघं राबतो ते वेगळं.

आता समोर जी नवीन बिल्डिंग झालीये तिच्या तळमजल्याला एक मोठी बर्गरची चेन येतेय, नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. काचेला आतून ब्राऊन पेपर लावलाय, दिवसभर कटरचा आवाज, परवा एसीचे डक्ट चढवले. गिऱ्हाईक पोरं गंमतीत विचारतात 'काका आता तुमचं काय', त्यांची गंमत होते पण मला रात्री झोप नाही.

तर प्रश्न असा की बर्गर ६० वरून ४५ वर आणू का, म्हणजे पोरं टिकतील? दुसरं म्हणजे एक जण ब्रोशर घेऊन आला होता, ब्रँडेड वडापावची फ्रँचायझी घ्या म्हणतो, ८ लाख, वडा तयार येतो फक्त तळायचा, बोर्ड त्यांचा, जाहिरात त्यांची. ब्रँडला ब्रँडनेच टक्कर द्यायला पाहिजे असं त्याचं म्हणणं आणि मला ते थोडं पटलंय. ते करू का?

जाता जाता, गाळामालक भाडं २२ हजारांवरून ४५ म्हणतोय, दिवाळीनंतर करार संपतोय. ते मी बघून घेईन, तुम्ही आधीचे दोन सांगा.

काउंटरमागचा

नऊ वर्षं अशाच एका चेनमध्ये काढलीत, क्रू म्हणून लागलो ते स्टोअर मॅनेजर होऊन बाहेर पडलो, त्यामुळे आतलं थोडं सांगू शकतो.

बर्गरचा रेट अजिबात पाडू नकोस. ६० च्या बर्गरला सामान ३० चं जात असेल तर हातात ३० राहतात, ४५ केलास की १५. म्हणजे आज १५ विकून जे मिळतं तेवढ्यासाठीच ३० विकावे लागतील, आणि समोर एसीत बसून मिळत असताना ते वाढीव १५ कुठून येणार? स्वस्त बर्गर हा त्यांचा धंदा नाहीच, तो गळाला लावलेला तुकडा आहे. मॅकडोनाल्ड्सने २००४ मध्ये २० रुपयांत आलू टिक्की आणली तेव्हा लोकांना वाटलं हे कसं परवडतं. एकट्या बर्गरवर परवडत नाहीच बाबा, परवडतं ते त्याच्याबरोबरच्या कोकवर आणि फ्राईजवर. आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं वाक्य म्हणजे 'मील करू का?' मागे स्क्रीनवर दर तासाचं सरासरी बिल दिसायचं आणि ते खाली आलं की एरिया मॅनेजरचा फोन. फाउंटनचं पेय म्हणजे सिरप, पाणी आणि गॅस, त्यात जे सुटतं ते बर्गरमध्ये कधीच सुटत नाही.

तू त्यांच्याशी तिथे भांडायला जाऊ नकोस, कारण त्यांच्या मागे जे आहे ते रस्त्यावरून दिसत नाही. मॅकडोनाल्ड्सचं भारतातलं पहिलं दुकान १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीत वसंत विहारला सुरू झालं, त्याच सुमारास वांद्र्याला, पण त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून माल पुरवणारे तयार करणं चालू होतं. पॅटी तळोज्याहून, लेट्यूस तळेगावचं, चीज बारामतीचं, म्हणजे निम्मं सामान आपल्याच भागातलं. बटाट्यासाठी तर गुजरातेत शेतकऱ्यांना वेगळं वाण लावायला दिलं, कारण आपल्या नेहमीच्या बटाट्यात साखर जास्त, तो तळला की काळपट पडतो. हे सगळं बांधलंय कशासाठी, तर वाशीत खाल्लेला बर्गर आणि साताऱ्यात खाल्लेला बर्गर सारखा लागावा म्हणून. चवीत पहिला नंबर काढायची त्यांना गरजच नाही, माणूस फसणार नाही एवढं झालं की पुरे.

आता तुझ्या बाजूचं. ते उघडणार सकाळी ११ ला. तुझा धंदा किती वाजता असतो ते तू लिहिलं नाहीस, पण कॉलेज आहे म्हणजे साडेसात ते अकरा आणि मग संध्याकाळी पाच ते आठ असणार. सकाळ तुझीच आहे. दुपारी पोरं तिकडे जाणार, वाढदिवस तिकडे होणार, जोडपी दोन-दोन तास तिकडे बसणार, ते तुझ्याकडून होणार नाही आणि करूही नकोस, एसी बसवायच्या भानगडीत तर पडूच नकोस. पहिले सहा-आठ आठवडे बाहेरपर्यंत लाईन असेल, फोटोसाठी. तेव्हा तुझा गल्ला पडेल आणि तू घाबरशील. नेमकं त्याच वेळी काही मोठा निर्णय घेऊ नकोस एवढंच सांगतो.

आणि १५ बर्गरसाठी संध्याकाळी किती माणसं अडकतात ते एकदा घड्याळ लावून बघ. माझा अंदाज आहे एक पोरगा त्यातच जातो. त्याचा पगार १५ बर्गरमधून निघतो का?

गोदाकाठ

ब्रोशरवाल्याला चहा पाज आणि वाटेला लाव.

मी घेतली होती अशी फ्रँचायझी, नाशिकला, नाव सांगत नाही कारण वाद नको. ७ लाख घातले, १४ महिन्यांत शटर खाली. त्यांनी मला फसवलं असं नाही म्हणणार, करारात सगळं लिहिलं होतं, मीच नीट वाचलं नाही. रॉयल्टी असते विक्रीवर, नफ्यावर नाही. महिनाअखेर तुला तोटा झालेला असला तरी ती कापली जाते. वडा त्यांच्याकडूनच घ्यायचा, चटणी त्यांच्याकडूनच, कागदसुद्धा त्यांचाच, आणि बाहेर बटाटा १५ रुपये किलो झाला तरी वड्याचा रेट तोच.

एक दिवस विसरत नाही. मे महिना, दुपारी लाईट गेली ती चार तास. चेस्ट फ्रीझरमधले वडे वरून कडक दिसत होते म्हणून संध्याकाळी तळायला घेतले, तर तेलात गेल्या गेल्या फुटले. कढईत पिठलं झालं पिठलं. बाहेर पंधरा माणसं उभी. माझी आई दुकानात होती, ती म्हणाली सरक बाजूला, शेजारच्या वाण्याकडून बेसन आणलं आणि घरच्यासारखे वडे करून दिले. लोक म्हणाले आज बरे झालेत. त्या दिवशीच कळलं होतं खरं म्हणजे, पण अजून सहा महिने ओढलं.

आता दुसरी बाजू पण सांगतो नाहीतर म्हणशील जळतोय. फ्रोझन वड्याचा फायदा आहे आणि तो खरा आहे, कारागीर सोडून गेला तरी दुकान बंद पडत नाही. गोली वडापाव २००४ मध्ये कल्याणला सुरू झालं, त्यांचा सगळा डाव हाच होता की वडा कारखान्यात होणार, त्यामुळे छोट्या गावातही दुकान टाकता येतं. जम्बोकिंग २००१ चं, मालाड स्टेशनपासून सुरुवात. त्यांची दुकानं बघ, स्टेशनच्या तोंडाशी, बसायला जागा नाही, पैसे दिले घेतलं आणि चालते व्हा. पुढे तर ते स्वतःला इंडियन बर्गरवाले म्हणवायला लागले कारण वडापाव म्हटलं की माणूस लगेच कोपऱ्यावरच्या गाडीचा रेट आठवतो, बर्गर म्हटलं की मॅकडोनाल्ड्सचा. हुशारी आहे ती. पण ते चालतं कारण मुंबईत माणूस लोकल चुकू नये म्हणून उभ्या उभ्या खातो. नाशिकला कुणाची लोकल चुकतेय? तुझ्या साताऱ्यात तरी?

आणि तुझ्याकडे वडिलांपासूनची चव आहे, नऊ वर्षांचं गिऱ्हाईक आहे. ८ लाख देऊन तू स्वतःचाच बोर्ड खाली उतरवणार, मग पुढे लोक कुणाकडे येतायत, तुझ्याकडे का त्यांच्याकडे?

पेठेतला

प्रश्न तीन विचारलेत, त्यातला एकच महत्त्वाचा आहे आणि तो 'जाता जाता' लिहिलाय. धन्य आहे.

मी गाळ्यांचीच कामं करतो, दलाल म्हणा हवं तर, राग नाही. साहेब, बर्गर तुमचं दुकान बंद पाडणार नाही. भाडं पाडेल. २२ हजार म्हणजे तुमच्या विक्रीच्या साडेपाच टक्के. ४५ हजार म्हणजे साडेअकरा. एका वडापावमागे सामान जाऊन ९ रुपये सुटतात असं धरू, तर हे वाढीव २३ हजार काढायला रोज ८५ वडापाव जास्तीचे तळायला लागतील, नुसते मालकासाठी, त्यात तुमचा एक रुपया नाही. आणि हे कधी, तर समोर नवीन दुकान उघडून गर्दी तिकडे गेलेली असताना.

चेन येते तेव्हा रस्त्यावर काय होतं ते सांगतो, दर वेळी तेच होतं. चेनचा माणूस जागामालकाशी बोलतो ते किमान भाडं किंवा विक्रीच्या अमुक टक्के, यातलं जे जास्त असेल ते, या भाषेत. करार लांबचा, दर तीन वर्षांनी ठरलेली वाढ, आणि आतलं काम चालू असेपर्यंतचे महिने भाडं माफ. यातलं काही मालकाच्या शेजाऱ्याला कळत नाही. त्याला एकच गोष्ट कळते, 'स्क्वेअर फुटाला इतके दिले म्हणे'. मग तो घरी येऊन आपल्या गाळ्याचे स्क्वेअर फूट गुणिले तो आकडा करतो आणि तुम्हाला ४५ सांगतो.

पण चेनला जागा लागते दीड-दोन हजार फूट, दर्शनी भाग मोठा, पार्किंग, विजेचा लोड, धूर बाहेर काढायला वाट. तुमच्या २२० फुटांत त्यांची कोल्ड रूम आणि वॉशिंग एरिया मांडून झाला की संपली जागा. म्हणजे तुम्ही सोडलंत तर तिथे चेन येणार नाही, मोबाईल कव्हरवाला येईल, आणि तो ४५ देणार नाही. हे मालकाला शांतपणे समजावा, भांडू नका. महिनाभर गाळा रिकामा राहिला तर त्याचं नुकसान किती आणि पुढचा भाडेकरू शोधायला किती दिवस लागतात हे त्यालाच मोजायला लावा.

आणि सध्याचा करार कसला आहे? ११ महिन्यांचा स्टॅम्प पेपरवर, नोटरी मारलेला? असणारच. महाराष्ट्रात ११ महिन्यांचा असला तरी नोंदणी लागते, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची नाही. नोंदलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. हे धमकी म्हणून वापरू नका, पण माहीत असू द्या, बोलताना आवाज आपोआप बदलतो.

दिवाळीपर्यंत थांबू नका. समोरचा बोर्ड लागायच्या आत सही घ्या. बोर्ड पेटला की आकडा अजून वाढेल.

जाता जाता (मीही), बोर्डावरचं नाव ट्रेडमार्कला टाका. आमच्या पुण्यातलं बर्गर किंग १९९२ पासूनचं, त्याच नावाची अमेरिकेतली कंपनी भारतात २०१४ ला आली पण खटला तिने २०११ लाच टाकला होता, २०२४ मध्ये पुण्याच्या कोर्टात पुणेकर जिंकले आणि मग ते प्रकरण वरच्या कोर्टात गेलं. एका नावापायी किती वर्षं गेली मोजा.

मावळा_९६

सगळ्यांनी मिळून असल्या परदेशी चेनवर बहिष्कार टाकायला हवा. आपला मराठी माणूस मरतोय आणि आपण त्यांच्या एसीत बसून सेल्फी काढतोय.

काउंटरमागचा

@मावळा_९६ भावना पोचली, पण १९९५ मध्ये बंगळुरात केएफसी आलं तेव्हा कर्नाटकातल्या शेतकऱ्यांच्या रयत संघाने मोठं आंदोलन केलं होतं, आज केएफसी कुठे नाहीये सांग. आणि परदेशी म्हणजे तरी काय, पश्चिम आणि दक्षिण भारतातलं मॅकडोनाल्ड्स चालवणारी कंपनी मुंबईची आहे, शेअर बाजारात आहे, काउंटरवरची पोरं आपलीच. मी स्वतः त्यातलाच होतो. सातारकरांना बहिष्कार नकोय, त्यांना पुढच्या महिन्याचं भाडं काढायचंय.

तांबडा_पांढरा

भावा, कोल्हापूरकर हाय, ऐक.

आमच्या हितं पण असंच झालं, नाव-गाव जाऊ दे. चेन आली, तिच्या दोन्ही अंगाला दोन दुकानं. एक सँडविचवाला, एक वडा-भजीवाला. सँडविचवाल्यानं धास्ती घेतली, कर्ज काढलं, एसी बसवला, मेन्यूत पेरी पेरी काय, चीज बर्स्ट काय, पोरांना टीशर्ट टोप्या, सगळं त्यांच्यागत. वर्षभरात गुंडाळलं. लोकं म्हणायची त्यांच्यागतच खायचं आसल तर त्यांच्याकडंच जाऊ की.

भजीवाल्यानं काय केलं, कायबी नाही केलं. तसाच बसला. आणि गंमत बघ, त्या चेनच्या दारात डिलिव्हरीची पोरं उभी असत्यात ऑर्डरची वाट बघत, दहा-पंधरा कायम. दोनशेचं पार्सल हातात आणि पोटात कावळे. ती सगळी भजीवाल्याकडं. त्यानं त्यांच्यासाठी एक बाकडं टाकलं, पाण्याचा माठ ठेवला आणि मोबाईल चार्जिंगला एक बोर्ड लावला. बास. दुपारचा दोन ते पाच, जो टाइम त्याचा मेलेला असायचा, त्यो टाइम आता भरलाय.

आणि मिसळ कमी तिखट करू नकोस कुणी सांगितलं तरी. सातारकर तुम्ही, आधीच आमच्या मानानं कमीच.

वडापाव_सातारकर

बाप रे, एवढी उत्तरं. सगळ्यांचे आभार.

@पेठेतला खरं सांगतो, तुमचं वाचून कॅल्क्युलेटर घेऊन बसलो आणि मला घाम फुटला. करार ११ महिन्यांचाच आहे, नोटरी. नऊ वर्षं असंच चाललंय, दर वेळी मालक हजार-दीड हजार वाढवायचा आणि मी सही करायचो.

@काउंटरमागचा काल घड्याळ लावलं. बरोबर ओळखलंत, धंदा साडेसात ते अकरा आणि पाच ते आठच. एक बर्गर सात मिनिटं घेतो, बन भाजा, टिक्की गरम करा, कांदा लावा, मेयो. तेवढ्यात पोराने दहा-बारा वडापाव बांधून दिले असते. आणि गर्दीच्या वेळी बर्गरवाला पोरगा तिकडे अडकला की वडापावची लाईन तुंबते, दोघं जण काल माझ्या डोळ्यांदेखत निघून गेले. १५ बर्गरचे सुटतात ४५० रुपये, महिन्याला साडेतेरा हजार, आणि त्या पोराला मी १४ देतो. चार वर्षं मला वाटत होतं बर्गरने धंदा वाढवला.

अजून एक विचारायचं होतं. ॲपवर टाकू का? समोरच्यांकडे डिलिव्हरीवाले येणारच आहेत म्हणजे मलाही ऑर्डर मिळतील ना?

काउंटरमागचा

मिळतील, पण १८ रुपयांच्या वडापाववर वीस-बावीस टक्के कमिशन गेलं, वर पॅकिंगचा डबा, राहिलं काय? मोठी चेन कमिशन घासाघीस करून घेते, तुला ते जमणार नाही. टाकायचंच तर सुटा वडापाव टाकू नकोस, चार वडापाव आणि दोन मिसळ असा संच टाक, १८० च्या वरचा, त्यात थोडं तरी राहील. पिझ्झावाले ४९ रुपयांचा पिझ्झा लावू शकतात, डॉमिनोजने २०२३ मध्ये लावला होता, कारण त्यांचं पीठ मध्यवर्ती किचनमध्ये मळून येतं, दुकानं हजारांनी आहेत. तुझं पीठ वहिनी मळतात.

हिशोबनीस

सीएच्या ऑफिसात काम करते, भाड्याबद्दल एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते.

दादा, तुमची उलाढाल वर्षाला ४६-४७ लाख होते, म्हणजे जीएसटी नंबर असणारच, नसेल तर तो आधी घ्या, कारण आपल्या धंद्याला मर्यादा २० लाखांची. तुम्ही कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांसाठीची सोपी कर योजना) आहात का रेग्युलर, हे बघा. रेग्युलर असाल आणि मालकाला जीएसटी नंबर नसेल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून दुकानाच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने, म्हणजे मालकाऐवजी तुम्हीच भरायचाय. ४५ हजारांवर ८,१०० रुपये. आणि हॉटेलवाल्यांना ५ टक्क्यांच्या दरात क्रेडिट, म्हणजे खर्चावर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, २०१७ च्या नोव्हेंबरपासून, त्यामुळे हे ८,१०० गेले ते गेले. म्हणजे मालक ४५ म्हणतोय पण तुमच्या खिशातून ५३,१०० जाणार. कंपोझिशनमध्ये असाल तर यातून सूट आहे, जानेवारी २०२५ मध्ये दिली. तिथे ५ टक्के मात्र तुमच्या गल्ल्यातून भरायचे, बिलावर वेगळे लावता येत नाहीत. आमच्याकडे दोन-तीन क्लायंटना हे नोटीस आल्यावर कळलं. तुमच्या सीएकडून दोन्ही हिशेब मांडून घ्या आणि मगच मालकासमोर बसा.

मोठ्या चेनलासुद्धा भाड्यावरचं क्रेडिट मिळत नाही बरं का. फक्त त्यांच्याकडे ते मोजायला माणूस बसलेला असतो.

जर्सीकर

न्यू जर्सीहून. @पेठेतला यांच्या मुद्द्यात भर म्हणून थोडं. इथे मॅकडोनाल्ड्स कंपनी मुळात जागेवर जगते. जवळपास ९५ टक्के दुकानं फ्रँचायझीवाल्यांची, आणि अमेरिकेत जागा बऱ्याचदा कंपनीच्या ताब्यात, म्हणजे बर्गर विकणारा तिचा भाडेकरू. कंपनी वाढवणाऱ्या रे क्रॉकने १९६१ मध्ये मूळ मॅकडोनाल्ड भावांकडून २७ लाख डॉलरला सगळं विकत घेतलं, पण पैसा खरा उभा केला तो त्याच्या हाताखालच्या हॅरी सॉनबॉर्नने, जागा घ्यायची आणि ती फ्रँचायझीवाल्याला भाड्याने द्यायची या युक्तीने. बर्गरचा धंदा करणाऱ्या जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीला कळलं की भाडं कुणाच्या हातात आहे हे महत्त्वाचं, आणि आपण चटणीवर चर्चा करतोय.

भारतात मांडणी वेगळी आहे, तिथे भागीदार आहेत. उत्तरेतल्या तेव्हाच्या भागीदाराशी २०१३ पासून वाजलं आणि २०१७ च्या जूनमध्ये परवान्यांच्या भानगडीत दिल्लीतली ५५ पैकी ४३ दुकानं एकदम बंद झाली होती. दोन्ही बाजूंना वकिलांची फौज असून. कागद आधी नीट करा एवढंच.

गोदाकाठ

@जर्सीकर चटणीला काही बोलायचं नाही.

वडापाव_सातारकर

पाच आठवड्यांनी लिहितोय, बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून.

मालकाकडे गेलो, एकटा नाही गेलो, बायकोला घेऊन गेलो, कारण मी भिडस्त आहे आणि ती नाही. मोबाईल कव्हरवाल्याचा मुद्दा तिनेच काढला. तो म्हणाला ४५ देणारे आहेत माझ्याकडे, ती म्हणाली बरं मग आम्ही दिवाळीला खाली करतो, चिमणीचं भोक बुजवून देऊ, पण भिंतीला नऊ वर्षांचं तेल आहे त्याचा रंग तुम्ही बघा. तो बराच वेळ गप्प बसला. मग चहा आला. ३१ हजारांवर ठरलं, दर वर्षी ५ टक्के वाढ, ५ वर्षांचा नोंदणीकृत करार, पहिली तीन वर्षं त्याला आम्हाला काढता येणार नाही, आम्हाला सोडायचं असेल तर तीन महिन्यांची नोटीस. स्टॅम्प ड्युटी पाव टक्का, तो खर्च अर्धा अर्धा. २२ च्या जागी ३१ म्हणजे मार आहेच, पण ताईंनी सांगितलं तसं सीएकडे गेलो, मी कंपोझिशनमध्येच निघालो, त्यामुळे ते १८ टक्के वाचले. मला स्वतःला माहीत नव्हतं मी कशात आहे.

समोरचं मागच्या शनिवारी उघडलं. फुगे, ढोल, रस्ता जाम. त्या दिवशी गल्ला ९,२०० वर आला, रविवारी साडेसात हजारांवर. हात-पाय गार पडले होते पण काउंटरमागचे म्हणालेत काही करू नकोस म्हणून काही केलं नाही. सोमवारी सकाळ नेहमीसारखी गेली, दिवसाचे ११ हजार झाले. बाकडं टाकलंय, माठ ठेवलाय, चार्जिंगचा बोर्ड वायरमन उद्या लावतो म्हणाला, तो उद्या अजून आला नाही. आणि काल दुपारी तीनला त्यांच्याच दोन पोरी, कामाची टोपी पिशवीत कोंबलेली, येऊन बसल्या, मिसळ मागितली आणि एक्स्ट्रा कट कितीला म्हणून विचारलं. कट फुकट असतो म्हटल्यावर एकमेकींकडे बघून हसल्या.

बर्गर बंद केलाय. तो पोरगा आता वडापाव बांधायला आणि ताक द्यायला, १५ रुपये ग्लास, दिवसाला साठेक जातात.

तर बन टोस्टर विकायचाय. चार वर्षं वापरलेला, वरची कॉइल मागच्या वर्षी बदललीये, खालची मूळचीच आहे पण चालते. साताऱ्यात येऊन बघून घेऊन जाणारा कुणी असेल तर सांगा.